खालपेठेची भाकरघरं

त्या वर्षी मी बारावीला गणितात अडकले आणि घरी बसले, म्हणून ड्रायव्हर झाले. यात कुणाचा काही विचार होता असं नाही. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात अर्धांगवायूने गेला होता आणि शाळेतली नोकरी त्यांना मुदतीआधी सोडावी लागली होती. त्याच सुमाराला मामाने नवी मोटार घेतली आणि जुनी आमच्या नांदेडच्या घरापुढे आणून लावली. गिअर स्टिअरिंगला, पायाखालचा पत्रा कुजलेला, आणि डावीकडचं मागचं दार उघडायचं तर आतून एकाने ढकलायचं, बाहेरून दुसऱ्याने ओढायचं. शेजारच्या गॅरेजवाल्या हुसेनभाईंनी मला मैदानात आठ दिवस फिरवलं आणि नवव्या दिवशी अण्णांना सांगितलं, "मास्टर, पोरीचा पाय हलका हाय. घेऊन जावा कुठं बी." आई म्हणाली, "गणितात असा पाय हलका असता तर बरं झालं असतं." पण तिनेच दुसऱ्या दिवशी पहाटे भाकरी थापल्या, जवसाची चटणी आणि अंबाड्याची भाजी डब्यात भरली आणि रेडिएटरसाठी पाण्याचा कॅन डिक्कीत ठेवला.

जायचं होतं खालपेठेला. ते आमचं मूळ गाव, पण आम्हा बहिणींचा त्याच्याशी संबंध उन्हाळ्यातल्या दोन-तीन फेऱ्यांपुरता. उमरीच्या पुढे उजवीकडे वळलं की रस्ता उतरत जातो, हवेत ओल्या मातीचा वास यायला लागतो आणि गोदावरीच्या खोलगटात, दोन्ही बाजूंना गाळाची काळी जमीन असलेलं ते छोटं बाजारपेठेचं गाव दिसतं. गाव म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर चार गल्ल्या. अण्णांना त्या गावाचा इतिहास लिहायचा होता. राजांचा नाही, कारण तिथे कुणी राजा फिरकला नव्हता. कोणतं घर कुठून आलं, कशासाठी आलं आणि कसं टिकलं, एवढाच. ते गाव सगळं आलेल्यांचंच. कुणी बीदरकडून मांजरेच्या काठाकाठाने हळदीचं बेणं घेऊन आलेलं, कुणी तेलंगणातून विणकामासाठी, कुणी भोकरच्या माळावरून दुष्काळात उतरलेलं. अण्णा म्हणायचे, "इथं कुणीच पयल्यापासून न्हाई. म्हणून तर भांडणं कमी."

या गावात एक रीत होती, जी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. नव्याने वस्तीला आलेल्या माणसाने पहिल्या दिवशी चूल पेटवायची नाही. आधी असलेल्यांपैकी एका घराने त्याला भाकर द्यायची. ते घर मग त्याचं भाकरघर. पुढे पिढ्यान् पिढ्या त्या घरात लग्न निघालं की हळद लागायच्या आधी भाकरघरातून टोपली यायची. तिच्यात पाच भाकरी, मिठाचा खडा आणि लाल मिरचीचा ठेचा. नवरीने किंवा नवऱ्याने मांडवात सगळ्यांदेखत पहिल्या भाकरीचा तुकडा तोडायचा. टोपली तिसऱ्या दिवशी परत करायची, तीही भरून. यात जातपात पाहिलेली नव्हती, कारण भुकेला माणूस ज्याच्या दारात पोचला ते घर ठरलेलं. कुंभारांनी रंगाऱ्यांना दिलेली, कोमटी वाण्यांनी कुंभारांना, असं मागे मागे जात राहायचं. सगळ्यांत पहिल्या घराला कुणी दिली असं विचारलं की लोक हसून सांगायचे, गोदामाईनं.

आठवड्यातून दोनदा आम्ही जायचो. अण्णा पुढच्या सीटवर, डावा हात खिडकीबाहेर, रस्त्यातल्या प्रत्येक गावाबद्दल बोलत. मी बहुतेक ऐकत नसे, कारण समोरून एसटी आली की मला दुसरं काही सुचत नसे. गावात मोटार चावडीपुढच्या लिंबाखाली लावायची आणि घरोघर फिरायचं. अण्णांचे प्रश्न तीनच असत: कुठून आलात, कशापायी आलात, पहिली भाकर कुणी दिली. उत्तरं मी वहीत लिहून घ्यायची. घरी आल्यावर अण्णा जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर माझ्याकडून घरांचे चौकोन काढून घेत आणि एका चौकोनातून दुसऱ्यात बाण. आमची बैठकीची भिंत त्या कॅलेंडरांनी भरून गेली. ताई कधी चुरमुऱ्यांचा सुशीला बशीत घेऊन आली की बशी त्या भिंतीला टेकवू नये म्हणून अण्णा ओरडत. त्यांची काठी फरशीवर वाजायची, आईची भाकरी परातीत वाजायची आणि मी बाण काढत असायची. सुखाचे दिवस होते असं म्हणायला हरकत नाही. मला तेव्हा ते रटाळ वाटायचे.

आमच्या स्वतःच्या घराचा चौकोन मात्र बाणाशिवाय होता. आमचं भाकरघर कोणतं, ते कुणी धड सांगत नव्हतं. आई म्हणायची पाटलांचं. चुलतकाका म्हणायचे, माहीत नाही, निजामी गेली त्या धामधुमीत टोपल्या बंद पडल्या, आता काय उकरायचं. अण्णांना उत्तर माहीत होतं असा मला आज संशय येतो. त्यांना ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

एका दुपारी आम्ही रंगारी गल्लीत गेलो. गावातली ती सगळ्यांत उंच जागा, कारण रंगाचे हौद नदीच्या पाण्यापासून वाचवायचे असत. कापड रंगवायचा धंदा कधीच बसला होता. हौदांत माती भरून त्यांनी कढीपत्ता आणि मिरच्या लावल्या होत्या. घरात जैनब खाला आणि तिची सून नसीम. खालाचा मुलगा निजामाबादला ट्रकवर होता, महिन्यातून एकदा यायचा. खाला सत्तरीच्या पुढची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ लखलखीत. अण्णांनी नाव सांगताच ती म्हणाली, "अरे, मास्टर? इत्ते बरस बाद याद आई भाकरघर की?"

मी विचारलं, "कुणाचं भाकरघर, खाला?"

"तुमारा. और किसका? तेरा दादा का दादा बीदर तरफ से आया. संग में बायको, एक लंगड़ा बैल और हळद का बोरा. नीचे सब कीचड़. चूल कां पेटाना, सोना कां? हमारे घर आया. हमारे लोगां बोले, बाबा, खा. रात कू वो रंगाया हुवा कपड़ा सूखने डाले थे, उसपेच सो गया." ती हसायला लागली. "सुबू उठ्या तो पीठ नीली! गाँव के लोगां कित्ते बरस उसकू नीळ्या बोलते थे. ये घर में किसीने नै बताया क्या तुमना?"

नसीम चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अम्मा, जरा सबर. लिहून घेऊ द्या त्यांना."

"लिख, बेटी लिख. मेरी सास मेरेकू बोली थी, तेरे हात की टोपली जाएगी उनके घर. फिर वो सब हुवा, दरवाज़े लग गए. मैं गोरी बहू आई थी, अब कबर में पाँव हैं. एक टोपली नै गई मेरे हात से." मग तिने अण्णांच्या दिशेने तोंड केलं. "तुमारी बड़ी छोकरी का जमा ना? किताब में आ गया तो फिर कोई ना नै बोलेगा. हौ ना, मास्टर?"

अण्णा म्हणाले, "हौ, भाभी. किताबात येईल."

ते वाक्य त्यांचं होतं, पण किताब माझ्या हातात होती.

परत येताना उमरीपर्यंत अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "दोन पानं लागतील रंगाऱ्यांना. तू लिही, मी तपासतो." मी त्याच आठवड्यात लिहून काढलं. चांगलं लिहिलं होतं. हळदीचा बोरा, लंगडा बैल, निळी पाठ, सगळं. अण्णांनी डाव्या हाताने एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि बाकी काही बदललं नाही.

ताईचं लग्न लातूरच्या घरात ठरलं होतं. माणसं चांगली होती, हे मी आज पस्तीस वर्षांचा अनुभव घेऊन म्हणते. पण सासऱ्यांना घराण्याची फार हौस. त्यांची एक बहीण खालपेठेत दिलेली, त्यामुळे रीत त्यांना ऐकून ठाऊक होती. सुपारी फुटली त्या दिवशी त्यांनी सहज विचारलं, "मग तुमचं भाकरघर कोणतं म्हणायचं?" अण्णा उत्तर जुळवत होते. त्या आजारानंतर त्यांना शब्द यायला वेळ लागे. तेवढ्यात आई म्हणाली, "पाटलांचं की." अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला उचलला.

नंतर आईने मला काही सांगितलं नाही. ताईनेही नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं ऐकणाऱ्याला वाटतं की कुणीतरी माझ्यावर दबाव आणला असेल. कुणी आणला नाही. छापखान्यात मजकूर नेऊन द्यायचं, प्रुफं आणायचं, तपासायचं काम माझ्याकडे होतं. छापखानेवाल्याने सांगितलं, सोळा-सोळा पानांचे चार फॉर्म भरून चार पानं वर जात आहेत, त्यासाठी अख्खा पाचवा फॉर्म घ्यावा लागेल, त्यापेक्षा चार पानं कमी करा. मी तिथेच स्टुलावर बसले. कमी करण्यासारखं पुष्कळ होतं. पाटलांच्या घरातल्या माणसांची यादीच तीन पानांची होती. मी दोन पानं बाजारच्या दिवसांची काढली आणि दोन रंगाऱ्यांची. मग आमच्या घराच्या मजकुरात जिथे 'रंगाऱ्यांच्या घराने पहिली भाकर दिली' असं होतं, तिथे 'गावातल्या एका घराने' असं केलं. लिहायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मी खोटं काही लिहिलं नाही, नुसतं आटोपशीर केलं, अशी माझी तेव्हाची समजूत. ताईचं लग्न पार पडू दे, दुसऱ्या आवृत्तीत घालू, असंही मनात म्हटलं. छोट्या गावाच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत नाही एवढं अठराव्या वर्षीही कळायला हवं होतं.

पुस्तक आलं त्या दिवशी अण्णांनी ते मांडीवर घेऊन एका हाताने पान पान उलटलं. शेवटपर्यंत गेले, परत पहिल्यावर आले. मग विचारलं, "रंगाऱ्याचं?"

"फॉर्म वाढत होता," मी म्हणाले.

ते "हं" म्हणाले. त्यांनी मला झापायला पाहिजे होतं. माझ्या हातून पुढे जे झालं त्यातलं अर्धं तरी वाचलं असतं. पण नवरीचा बाप होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "गावात घरोघर एक-एक द्यायचंय. तू जाऊन ये. मला बरं वाटंना झालंय." त्यानंतर ते त्या मोटारीत पुढच्या सीटवर बसून खालपेठेला कधीच आले नाहीत.

मी एकटी गेले. चावडीपुढे मोटार लावून पुस्तकं वाटली. लोक आपापलं पान काढून बघत, नाव सापडलं की शेजाऱ्याला दाखवत, शुद्धलेखनावरून चेष्टा करत. रंगारी गल्ली मी शेवटी ठेवली होती. एक प्रत दारात द्यायची, 'घाई आहे' म्हणायचं आणि निघायचं, एवढं ठरवलं होतं. नसीम धर्माबादला बाजाराला गेली होती. खाला एकटी ओसरीत बसलेली. तिने पुस्तक दोन्ही हातांत घेतलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला, वरून हात फिरवला आणि माझ्यासमोर धरलं.

"पढ़."

"काय, खाला?"

"हमारा. हमारा पढ़."

मी पुस्तक उघडलं. जे पान उघडलं त्यावर कोष्ट्यांची घरं होती. त्यावर नजर ठेवून मी वाचायला लागले: "खालपेठेतल्या सर्वांत उंच जागी रंगाऱ्यांचं घर आहे." माझं लिहिलेलं मला जवळजवळ पाठ होतं. आवाज वाचल्यासारखा ठेवला, मध्ये एकदा पानसुद्धा उलटलं. हळदीचा बोरा आला, चिखल आला, निळी पाठ आली. खाला डोळे मिटून ऐकत होती आणि निळ्या म्हणायचे तिथे तिने मांडीवर थाप मारली. संपल्यावर म्हणाली, "एक बार और." मी परत वाचलं. दुसऱ्या वेळी तिने माझ्यासोबत काही शब्द म्हटले.

मग तिने ताईची तारीख विचारली. विषय बदलला म्हणून मला इतकं हायसं वाटलं की मी तारीख सांगितली, कार्यालयाचं नाव सांगितलं, स्टँडवरून रिक्षाला काय सांगायचं तेही सांगितलं, आणि वर म्हणाले, "या ना, खाला." सत्तरीपुढची मोतीबिंदूवाली बाई एसटीने नांदेडला कशी येणार, असा माझा हिशेब. मी हिशेबात आधीपासूनच कच्ची.

हळदीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी कार्यालयाच्या फाटकाशी उभी होते, फुलवाल्याची वाट बघत. रिक्षातून आधी नसीम उतरली, मग तिने हात देऊन खालाला उतरवलं. खालाच्या अंगावर जुनी, पण इस्त्रीची हिरवी साडी. डोक्यावर टोपली, वर लाल कापड बांधलेलं. एसटीत दोन तास तिने ती मांडीवर धरली होती, नसीमच्या हातातसुद्धा दिली नव्हती. भाकरी पहाटे स्वतः थापल्या होत्या. दिसत नाही तर कडा जळल्या असतील, असं ती मला सांगत होती आणि हसत होती. "देख बेटी, टोपली आ गई. कां रखना? मास्टर कां हैं?"

माझ्यामागे दहा पावलांवर ताईचे सासरे खुर्चीत बसून पान जमवत होते. त्यांनी विचारलं, "कोण आलंय?"

मी म्हणाले, "गावाकडचे आहेत. आहेर घेऊन आलेत."

मी खालाच्या डोक्यावरून टोपली उतरवून घेतली. उबदार होती अजून. म्हणाले, "खाला, आत बायकांच्यात बसा, मी ही मांडवात नेऊन ठेवते." नसीमने माझ्याकडे पाहिलं. मी दोघींना आत पाठवलं, टोपली घेऊन मांडवाला वळसा घालून मागे गेले आणि मोटारीच्या डिक्कीत, पाण्याच्या कॅनशेजारी ठेवून डिक्की बंद केली. दोन मिनिटांचं काम. मग फुलवाला आला.

हळद लागली. मी ताटं फिरवत होते, पण लक्ष बायकांच्या रांगेकडे होतं. खाला शेवटच्या खुर्चीत ताठ बसून आवाजाच्या दिशेने मान वळवत होती. मध्येमध्ये नसीमकडे झुकून काहीतरी विचारायची. नसीम एकदा बराच वेळ मांडवाकडे बघत राहिली आणि मग सासूच्या कानात काहीतरी बोलली. खालाने पदर तोंडाला लावला. जेवायला दोघी थांबल्या नाहीत. खाला म्हणाली, आज माझं पोट भरलं. अण्णा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होते. ते तिला भेटायला येईपर्यंत रिक्षा गेली होती. ते तिथेच काठीवर रेलून रस्त्याकडे बघत राहिले. माझ्याकडे वळले तेव्हा मी कामात होते. मी दिवसभर कामात राहिले.

संध्याकाळी त्या भाकरी मी कार्यालयामागे पत्रावळ्या चघळणाऱ्या गाईला घातल्या. भाकरी तशाच्या तशा परत करता येत नव्हत्या. आमच्या रीतीत त्याचा अर्थ नातं तोडलं असा होतो. एकही तुकडा मी तोंडात घातला नाही. कडा खरंच जळल्या होत्या.

लोकांना वाटतं, मी स्वभावाने कोरडी आहे. मी बियाण्यांचं दुकान चालवते, दिवसात शंभर माणसांना हो-नाही म्हणते आणि रात्री झोपते. चुका सगळ्यांच्या हातून होतात आणि बऱ्याचशा भरून निघतात. ही निघाली नाही. त्यात माझं कुणी ऐकलं नाही, कुणी फसवलं नाही, दुसरा मार्ग नव्हता, असं एकही म्हणायला जागा नाही. ताईच्या सासऱ्यांना खरं कळलं असतं तर काय झालं असतं? मी त्यांना पुढे वीस वर्षं ओळखत होते. अर्धा दिवस तोंड पाडलं असतं आणि जेवायला बसले असते.

तिसऱ्या दिवशी मी टोपली परत करायला गेले. तळाशी हळदीच्या अक्षता, वर बुंदीचे लाडू, खण, नारळ. जेवढं मावलं तेवढं भरलं होतं. खालाने एकेक वस्तू चाचपून खाली काढली आणि रिकामी टोपली हातात फिरवली.

"छोकरीने तोड़ी?"

"हो, खाला."

"सब के सामने?"

"सगळ्यांसमोर."

"रोई क्या?"

"रडली."

"मेरी सास कू पोंच गया होगा," ती म्हणाली, आणि माझं डोकं ओढून घेऊन दोन्ही गालांवरून बोटं फिरवून आपल्या कानशिलांवर मोडली. मी तशीच वाकून उभी राहिले.

मी निघाले तशी नसीम मागोमाग चावडीपर्यंत आली. मी मोटारीचं दार उघडलं तरी ती जाईना. मला वाटलं, आता बोलेल. बोलू दे, म्हणजे एकदाचं संपेल.

"मांडवात मी बघितलं सगळं," ती म्हणाली. "अम्माला मीच सांगितलं, तोडली म्हणून. त्याचं बोलायला न्हाई आले."

"मग?"

"ते तुम्ही अम्माला वाचून दाखवलं ना, ते लिहून देता का?"

मी मोटारीचं दार परत लावलं.

"रोज दुपारी जेवण झालं की किताब काढून देतात, वाच म्हणतात. पहिल्या दिवशी मी सगळी किताब धुंडली. मी सातवी शिकलेली हाय. मला वाटलं, मलाच सापडंना झालंय. मग समजलं." तिचा आवाज चढला नाही. "आता मी मनानंच वाचून राहिले. पण अम्माला तुमचं पाठ हाय. माझा एक शब्द इकडंतिकडं झाला की टोकतात. ‘उस छोकरीने ऐसा नै पढ़ी’ म्हणतात. काल म्हणाल्या, तुझं शिक्षणच कच्चं हाय."

मी म्हणाले, "नसीम, मी अण्णांना सांगून..."

"ते तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "मला आज दुपारपर्यंत पाहिजे."

मी पर्समध्ये पेन शोधायला लागले. तिने आपलं पुढे केलं. कागदही आणला होता, पुस्तकाच्या पानाएवढा, कडा कात्रीने सरळ कापलेल्या. मी बॉनेटवर ठेवून लिहायला लागले. पत्रा तापलेला होता, मनगट भाजत होतं. नसीम शेजारी उभी राहून बघत होती. एकदा म्हणाली, "जोडाक्षरं मोकळी काढा, मला पटकन लागत न्हाईत." दोन्ही बाजूंनी कागद भरला. अण्णांनी जो स्वल्पविराम घातला होता तो कुठे होता ते मला आठवेना. मी अंदाजाने घातला.

"वर नंबर पण घाला. मागं खळीनं चिकटवते."

पुस्तकाचं शेवटचं पान चौसष्ट होतं. मी एका बाजूला पासष्ट घातलं, दुसऱ्या बाजूला सहासष्ट, आणि कागद तिला दिला. तिने तिथेच उन्हात उभं राहून, बोट लावून, ओठ हलवत तो वाचला. मध्ये एकदा अडली, मागे जाऊन ती ओळ परत वाचली. मग घडी न घालता तो पदराखाली सपाट धरला. घडी पडली असती तर खालाच्या बोटांना कळलं असतं.